गोळ्या मोजू नकोस

चि. मंदार,

परवा फोनवर म्हणालास, "ताई, स्मिता गोळ्या विसरते. पट्टीत नऊ शिल्लक निघाल्या." मग तू मोबाईलवर गजर लावलास, वारांच्या खणांची डबी आणलीस आणि रोज रात्री "घेतलीस का?" सुरू केलंस. दूधवाल्याच्या हिशोबापासून सगळ्यांच्या वाढदिवसांपर्यंत जिच्या डोक्यात असतं, ती लेट्रोझोल तेवढी विसरेल? टाळते ती.

पाडव्याला तुमच्याकडे होते, तेव्हा सकाळी तिला चहाच्या डब्याचं झाकण उघडेना. बोटं मिटतच नव्हती. पलंगावरून उठली ती भिंत धरून. तासाभराने जरा मोकळी झाली आणि तू आंघोळ करून आलास तोवर पोळ्या लाटत होती. तुला काय दिसणार!

हे त्या गोळीमुळेच. पाळी गेल्यावरही शरीर थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं आणि तिच्या प्रकारचा स्तनाचा कॅन्सर त्याच्यावरच पोसतो. लेट्रोझोल ते बनणंच रोखते. मग सांधे धरतात, अंगातून वाफा येतात, झोप मोडते, हाडं ठिसूळ होतात. केमोत केस गेले तेव्हा शेजारणी डबे आणून देत होत्या. आता केस आले, रेडिएशन संपलं, म्हणजे सगळ्यांच्या लेखी ती बरी. पाच वर्षं दुखणं काढायचं आणि कण्हली तर "जिवावरचं टळलं ना, मग?" हे ऐकायचं. आपल्या काकूनेच ऐकवलंय तिला.

तेव्हा "आज बोटं कशी आहेत?" असं विचार आणि ती सांगेल ते ऐकून घे. मध्येच उपाय सुचवू नकोस, तुला ती खोड आहे. पुढच्या तपासणीला बाहेर बाकावर न बसता तिच्याबरोबर आत जा. डॉक्टरांसमोर ती "ठीक आहे" म्हणून मोकळी होईल, तेव्हा झाकणाची गोष्ट काढ. त्यांच्याकडे मार्ग असतात. अनॅस्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देऊन बघतात. एक सोसली नाही तरी दुसरी सोसते, असं पुष्कळदा होतं. नाहीतर टॅमॉक्सिफेन. कधी दोन-तीन आठवडे गोळी थांबवूनही पाहतात, पण ते त्यांनी ठरवायचं. रोजचं चालणं आणि हलकी वजनं उचलणं यानेही सांधेदुखी कमी होते. टॅमॉक्सिफेन दिलीच, तर तिच्या इतर सगळ्या गोळ्या दाखवा. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांच्यासारख्या नैराश्यावरच्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात.

गोळी कशासाठी हेही तिला एकदा नीट कळू दे. हार्मोनवर पोसणाऱ्या या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांत पुढच्या पंधरा वर्षांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या पाळी गेलेल्यांत त्याहून थोड्या सरसच ठरल्या. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं. तू सांगितलंस तर तिला धाकच वाटेल.

एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि गावाला जाताना एक पट्टी जास्तीची ठेवा. आमच्या औषधांच्या काउंटरवर दिवाळीनंतर "गोळ्या संपल्या होत्या हो" म्हणणारे दरवर्षी येतात.

तुझी,
ताई

ता. क. हाडांची डेक्सा तपासणी झाली का? रिपोर्टचा फोटो पाठव. कॅल्शियमची गोळी मी इथून पाठवणार नाही, आधी डॉक्टरांना विचारा.