पहिले हजार किलोमीटर

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारतो. एका मोटारीचं इंजिन जुनं आहे, पण ठीकठाक आहे. दुसरीचं इंजिन कालच गॅरेजमध्ये पूर्ण उघडून, नवे भाग घालून पुन्हा बांधलंय. आज घाट चढायचा आहे. कोणती गाडी न्याल?

तुम्ही म्हणाल, "यात विचारायचं काय? नव्या इंजिनाची!" पण खरं उत्तर उलटं आहे बरं का. मला ते १९९२ साली, आठवीच्या सुट्टीत, आमच्या फियाटनं शिकवलं.

आम्ही वाईला राहायचो. बाबांची एक प्रीमियर पद्मिनी होती. गाडी मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पण मूळ नमुना इटलीच्या फियाट कंपनीचा, म्हणून सगळे तिला फियाटच म्हणत. आता ती क्वचितच दिसते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. बाबा आमची गाडी भाड्यानं चालवत. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. एप्रिल-मे महिने म्हणजे आमची सुगी. वर्षाची निम्मी कमाई त्या दोन महिन्यांत व्हायची.

आणि नेमकी एप्रिलमध्येच गाडी तेल खायला लागली. सायलेन्सरमधून निळा धूर, चढावर दम नाही. मिस्त्रीकाकांनी निदान केलं, "रिंगा गेल्यात, बोअर झिजलाय. इंजिन उतरवावं लागेल." पतपेढीतून कर्ज काढून काम सुरू झालं.

आता हा बोअर म्हणजे काय? पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. एका रांगेतल्या चार गोल विहिरीच समजा. प्रत्येक विहिरीचा व्यास, म्हणजेच बोअर, ६८ मिलिमीटर. तिच्यात पिस्टन ७५ मिलिमीटर वर-खाली धावतो. वहीत गणित करून पाहा. चारही विहिरींचं मिळून घनफळ सुमारे १०८९ घन सेंटिमीटर येतं. '१०८९ सीसी' म्हणतात ते हेच! इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. पिस्टन आणि भिंत यांच्यामधली बारीक फट बंद ठेवतात त्या पिस्टनवरच्या रिंगा. भिंत झिजली, रिंगा सैल झाल्या, की तेल वर चढून जळतं आणि निळा धूर निघतो.

साताऱ्याच्या वर्कशॉपमधून सिलिंडर किंचित मोठे कापून आले. त्या मापाचे नवे पिस्टन, नव्या रिंगा आल्या. मी उत्सुकतेनं आत डोकावलो. वाटलं होतं, भिंती आरशासारख्या गुळगुळीत असतील. पण तिथे तर बारीक-बारीक तिरप्या रेघा होत्या, एकमेकींना छेद देणाऱ्या!

"काका, हे तर ओरखडे!"

"मुद्दाम काढलेत बाळा. याला होनिंग म्हणतात. रेघांमध्ये तेल धरून राहतं. भिंत एकदम गुळगुळीत केली, तर रिंगा तिच्याशी जुळणारच नाहीत."

घरी आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यात काय नवल? जात्याला टाकी लावतात तसंच की!" पूर्वी जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला, की त्यावर छिन्नीनं बारीक टवके पाडून घेत. मग आधी मूठभर जाडंभरडं धान्य दळून ते पीठ फेकून देत, कारण त्यात दगडाची कच असे. घरच्यांसाठी दळण त्यानंतरच.

इंजिनाचंही अगदी तसंच असतं. नव्या रिंगा आणि नवी भिंत यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ते एकमेकांवर घासून झिजतात आणि दोघांची जोडी जमते. याला म्हणतात 'रनिंग-इन'. हे जुळणं नीट झालं तर इंजिन वर्षानुवर्षं चालतं. बिघडलं तर पुन्हा सगळं उघडायचं.

मिस्त्रीकाकांनी बाबांना नियम सांगितले. हजार किलोमीटर होईपर्यंत घाट नाही. सुरुवातीला ताशी ५० च्या वर जायचं नाही. एकाच वेगानं तासन् तास चालवायची नाही. वरच्या गिअरमध्ये धापा टाकायला लावायची नाही. मला हे पटलं. पण पुढचा नियम ऐकून मी चक्रावलो. "फार लाडही करू नका! नुसती जागेवर चालू ठेवून उपयोग नाही. तिला काम द्या, पण बेतानं."

का बरं? पेट्रोल जळतं तेव्हा तयार होणाऱ्या वायूचा दाब रिंगांना भिंतीवर रेटतो. अगदीच हळू चालवली, तर हा दाब पुरेसा मिळत नाही, रिंगा नीट घासत नाहीत आणि भिंतीवर जळक्या तेलाचा काचेसारखा थर बसतो. उलट घाटात पूर्ण ताकद लावली, तर घर्षणाची उष्णता इतकी वाढते की भिंतीवर खरवडे पडतात. म्हणून बाबा थोडी रेस द्यायचे, मग पाय काढायचे, पुन्हा द्यायचे. मी शेजारी बसून वहीत किलोमीटर लिहायचो.

पण हंगाम कुणासाठी थांबतो? सहाव्या दिवशी मुंबईचं एक कुटुंब दारात आलं. महाबळेश्वरचं चार दिवसांचं भाडं! पतपेढीचा हप्ता निघाला असता. आईनं बाबांकडे नुसतं पाहिलं. माझ्या वहीत आकडा होता ४१०. बाबा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी त्या मंडळींना शेजारच्या गाडीवाल्या काकांकडे पाठवलं आणि स्वतः भुईंजचं साधं भाडं घेऊन गेले. त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही. त्या महिन्याचा हप्ता आईनं भिशीच्या पैशांतून भरला.

पाचशे किलोमीटरला मिस्त्रीकाकांनी तेल बदललं. जुन्या तेलाचा थेंब पांढऱ्या चिंधीवर टिपून मला दाखवला. उन्हात त्यात चंदेरी कण चमकत होते. झिजलेले उंचवटेच ते! आजीच्या जात्याचं पहिलं पीठ मला तिथे दिसलं. काकांनी हेडचे बोल्ट पुन्हा आवळले, टॅपेट तपासले. पुढच्या पाचशेत बाबांनी वेग हळूहळू वाढवला. निळा धूर दिसेनासा झाला आणि तेलाच्या पट्टीवरची पातळी रोज सकाळी तिथल्या तिथे राहू लागली.

वहीत १००० चा आकडा पडला तेव्हा मे अर्धा संपला होता. दुसऱ्या दिवशी चार प्रवासी घेऊन गाडी घाटाला लागली. वळणावळणावर बॉनेट उघडून वाफा सोडत गाड्या उभ्या होत्या. आमची मात्र न थांबता पाचगणीला पोचली. उरलेल्या हंगामात बाबांनी दिवसाला दोन-दोन खेपा केल्या. अर्धा हंगाम हातचा गेला होता, तो भरून निघाला नाही. भिशीचे पैसे फेडायला दिवाळी उजाडली. पण पुढची सात वर्षं ते इंजिन पुन्हा उघडावं लागलं नाही.

आजच्या इंजिनांचे भाग कारखान्यात फार बारकाईनं घासून येतात, त्यामुळे हा काळ पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. तरी नव्या गाडीच्या पुस्तिकेत पहिल्या हजारेक किलोमीटरसाठी काही सूचना बहुतेक वेळा असतातच. तुमच्या घरी नवी स्कूटर किंवा मोटार आली, तर ते पान शोधून मोठ्यांना वाचून दाखवा. आणि हो, किलोमीटरची वही तुमच्याकडे ठेवा!