कुरुंदकर कुठून वाचायला घ्यावेत

शाळेपासून मला शिवचरित्राचं वेड. हळदीला पाणी द्यायची पाळी रात्रीची आली की मोटारीपाशी पुस्तक घेऊन बसायचं, मोटारीला लाईट येईपर्यंत वाचायचं. असंच एकदा 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना वाचली. ती म्हणजे नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र. महाराजांचं मोठेपण नेमकं कशात, याची त्यात उलटतपासणी आहे. त्या रात्री कादंबरी बाजूलाच राहिली.

मग कळलं, कुरुंदकरांचा जन्म 1932 सालचा, आपल्याच जिल्ह्यातल्या नांदापूरचा. तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं.

वाचनालयात 'शिवरात्र' मिळालं, पण ते झेपेना. गांधीहत्या, जमातवाद, सगळे पेटते विषय. शिवाय हा माणूस कुणाचीच बाजू राखत नाही, आपलीही नाही. रागानं पुस्तक मिटून ठेवलं.

गावातल्या निवृत्त गुरुजींनी कुरुंदकरांची भाषणं नांदेडला ऐकलेली. ते म्हणाले, "अरे, तो बोलणारा माणूस. मोठ्यानं वाच की." ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायला लागलो. घरचे हसले, पण वाक्यं उलगडायला लागली. कुठं अडलं की गुरुजी मागचा संदर्भ सांगायचे. न पटलेलं तसंच ठेवून पुढं जायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

त्यानंतर 'छत्रपती शिवाजी महाराज : जीवनरहस्य' वाचलं. छोटंसं पुस्तक आहे. महाराज 1680 ला गेले. 1689 ला संभाजीराजांना मारलं, राजाराम महाराज जिंजीला गेले. तरी लोक लढतच राहिले आणि औरंगजेब 1707 ला इथंच मेला. राजा गेल्यावरही रयतेला ते राज्य आपलं का वाटलं, हा या पुस्तकातला खरा प्रश्न. तेव्हापासून शिवजयंतीला मी लढायांपेक्षा रयतेवर जास्त बोलतो. टाळ्या कमी पडतात. पोरांना अफजलखानच हवा असतो! टाळ्या कमी पडल्याचं मला थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

'हैद्राबाद : विमोचन आणि विसर्जन'ही वाचलं. आजोबांकडून निजामाच्या काळातल्या रझाकारांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. 17 सप्टेंबर 1948 च्या हैद्राबाद मुक्तीमागे किती राजकारण होतं, ते या पुस्तकानं दाखवलं.

तुम्हाला कुरुंदकर वाचायचे असतील तर 'शिवरात्र'पासून सुरुवात करू नका. आधी 'जीवनरहस्य', मग हैद्राबादचं पुस्तक, मग 'जागर'. वाचनालयात नसतील तर लेखी मागणी देऊन या. मागणीच नसेल तर पुस्तक येणार कुठून?