हालचालीतील नेमबाजी आणि पिस्तूल-काडतुसाची कार्बाइन

पिस्तुलाचे काडतूस वापरणारी, परंतु पिस्तुलासारखी केवळ हातांत न पेलता खांद्याला टेकवून चालवायची बंदूक म्हणजे पिस्तूल-काडतुसाची कार्बाइन. आणि घड्याळ चालू असताना एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे धावत, आडोशांमागून झुकत, वेगवेगळ्या अंतरांवरील अनेक लक्ष्ये टिपण्याचा क्रीडाप्रकार म्हणजे हालचालीतील नेमबाजी. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत या दोहोंची जोडी चांगलीच रुजली असून, टेक्सासमधील एका खुल्या रेंजवर तिचा नियमित सराव करताना प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात जे आले ते येथे मांडावयाचे आहे. त्यातील मुख्य निरीक्षण असे की, ही बंदूक नेम धरणे इतके सोपे करते की नेमबाजाच्या उरलेल्या उणिवांना लपायला जागा राहत नाही, आणि त्या उणिवा बहुधा बोटांपेक्षा पायांत व नजरेत असतात.

एकच काडतूस लांब आणि आखूड अशा दोन्ही शस्त्रांत चालावे ही कल्पना जुनी आहे. विंचेस्टर कंपनीच्या 1873 सालच्या रायफलचे .44-40 हे काडतूस थोड्याच वर्षांत कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालू लागले, त्यामुळे दोन शस्त्रे बाळगणाऱ्याला काडतुसे एकाच प्रकारची पुरू लागली. आज ते स्थान मुख्यतः 9 मिमी पॅराबेलम या काडतुसाने घेतले आहे. खेळाच्या बाजूने पाहिले, तर 1976 मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया येथे जेफ कूपर यांच्या अध्यक्षतेखाली इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन स्थापन झाली आणि अचूकता, बळ व वेग या तीन गुणांचा मेळ हे तिने आपले ध्येय ठरवले. तिच्या अमेरिकी शाखेने, म्हणजे यूएसपीएसएने, 2016 मध्ये कार्बाइनला स्वतंत्र विभाग दिला. पिस्तुलासाठी उभारलेली मैदाने व पोलादी लक्ष्ये कार्बाइनलाही चालतात, ही यातील मोठी सोय होय, कारण रायफलची वेगवान गोळी जवळून मारल्यास तेच पोलाद खराब होते.

या खेळातील गुणांकन समजल्याशिवाय सरावाचा हेतू कळत नाही. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर मधोमध सुमारे 6 इंच रुंद आणि 11 इंच उंच असा 'ए' विभाग असतो. तेथे लागलेल्या गोळीला 5 गुण, त्याभोवतीच्या 'सी' विभागाला 3 आणि कडेच्या 'डी' विभागाला 1 गुण मिळतो, तर चुकलेल्या गोळीसाठी 10 गुण वजा होतात. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की जो आकडा येतो त्याला 'हिट फॅक्टर' म्हणतात आणि क्रमवारी त्यावरून लागते. बारा गोळ्या 'ए' विभागात 6 सेकंदांत मारणाऱ्याचा हिट फॅक्टर 10 येतो. दोन गोळ्या 'सी'मध्ये जाऊनही 5.4 सेकंदांत काम संपवणारा 10.37 वर पोहोचतो. परंतु त्याच 5.4 सेकंदांत एक गोळी पार चुकली आणि बाकीच्या अकरा 'ए'मध्ये बसल्या, तर आकडा 8.33 वर घसरतो. म्हणजे हे गणित वेगाला जितके उत्तेजन देते तितकेच बेफिकिरीला कठोर शासनही करते.

तीन बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेल्या कप्प्याला तेथे 'बे' म्हणतात आणि सराव त्यातच चालतो. बंदुकीची नळी कोणत्याही क्षणी समोरच्या 180 अंशांच्या बाहेर जाता कामा नये, आणि नेम धरल्याखेरीज बोट ट्रिगरवर येता कामा नये, हे दोन नियम इतके निरपवाद आहेत की ते मोडणारा त्या संपूर्ण स्पर्धेतूनच बाद होतो. कार्बाइन लांब असल्यामुळे येथे पिस्तुलापेक्षा अधिक सावधगिरी लागते, कारण आडवे किंवा मागे धावताना शरीर वळते आणि शरीरासोबत नळीही वळू पाहते. फेरी संपली की मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याचे रेंजवरील अधिकाऱ्याला दाखवून, त्यात रंगीत प्लास्टिकची पट्टी अडकवली जाते, जेणेकरून बंदूक रिकामी आहे हे दुरूनही दिसावे. ही शिस्त अंगवळणी पडेपर्यंत वेगाचा विचारही करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

सरावाची सुरुवात बहुधा 'बिल ड्रिल'ने होते. बिल विल्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात 7 यार्डांवरील एकाच लक्ष्यावर सहा गोळ्या शक्य तितक्या लवकर, पण सर्व 'ए' विभागात मारायच्या असतात. 9 मिमीच्या काडतुसाचा धक्का खांद्याला सौम्य वाटतो, तरीही दुर्बिणीच्या जागी बसवलेल्या रेड डॉटमधील लाल ठिपका प्रत्येक गोळीसरशी उसळतो. याचे कारण यंत्ररचनेत आहे. यातील बऱ्याच बंदुका 'ब्लोबॅक' पद्धतीच्या असतात, म्हणजे त्यांचा बोल्ट नळीशी कुलूपबंद होत नाही, केवळ स्वतःच्या वजनाने व स्प्रिंगच्या दाबाने मागे जाण्यापासून रोखला जातो. हा जड बोल्ट मागेपुढे आदळतो तेव्हा ठिपका हलतो. बंदूक आवळून धरून तो थोपवण्याचा प्रयत्न फसतो, उलट शरीर किंचित पुढे झुकवून आणि बट खांद्यात नीट बसवून ठिपका आपोआप खाली परतू देणे व तो परतताना पाहणे, यातूनच पुढची गोळी केव्हा मारावी हे समजते.

दुसरी बाब अंतराची आहे. एआर रायफलच्या धाटणीच्या कार्बाइनवर रेड डॉट नळीच्या मध्यापासून सुमारे अडीच इंच वर असतो, त्यामुळे 25 यार्डांवर जुळवलेली बंदूक 5 यार्डांवर ठिपक्याच्या सुमारे 2 इंच खाली मारते. मोठ्या लक्ष्यावर हा फरक जाणवत नाही, परंतु पुठ्ठ्याचा फक्त वरचा तुकडा दिसत असेल किंवा शेजारी गोळी न मारण्याचे पांढरे लक्ष्य चिकटवलेले असेल, तर नेम जाणीवपूर्वक वर धरावा लागतो.

सर्वांत अधिक काळ ज्यावर खर्च करावा असा प्रकार म्हणजे दोन चौकटींमधील धाव. जमिनीवर काही पावलांच्या अंतराने दोन चौकटी आखून, पहिलीतून दोन गोळ्या मारायच्या, धावत दुसरीत जायचे आणि पुन्हा दोन गोळ्या मारायच्या, एवढेच यात असते. टायमर केवळ गोळीचा आवाज ओळखतो, म्हणून पहिल्या चौकटीतील शेवटच्या आणि दुसऱ्या चौकटीतील पहिल्या गोळीमधले अंतर तो नेमके दाखवतो, आणि खरी गोष्ट त्या अंतरात दडलेली असते. नवशिका ताठ धावतो, थांबतो, मग बंदूक उचलतो, मग ठिपका शोधतो आणि त्यानंतर ट्रिगर ओढतो. म्हणजे जी कामे एकात एक मिसळायला हवीत ती तो एकामागून एक करतो. सरावलेल्या नेमबाजाची बंदूक शेवटच्या एक-दोन पावलांतच खांद्याला लागलेली असते, नजर लक्ष्यावरील नेमक्या बिंदूवर आधीच स्थिरावलेली असते आणि कबड्डीत चढाई करणाऱ्या गड्याप्रमाणे त्याचे गुडघे वाकलेले व कंबर खाली असल्याने पाय टेकताच ठिपका फारसा न डगमगता लक्ष्यावर येतो. जागा सोडतानाही हेच लागू पडते, कारण शेवटची गोळी सुटत असतानाच शरीराचा भार पुढच्या दिशेच्या पायावर नेता येतो. प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात ट्रिगर लवकर ओढण्याच्या खटपटीतून जेवढा वेळ वाचला त्याच्या कितीतरी पट वेळ या येण्याजाण्यातून वाचला, आणि नेमकी हीच बाब एकट्याने सराव करताना सर्वांत उशिरा लक्षात येते, कारण गोळी मारल्यावर मनुष्य पुठ्ठ्यावरची भोके पाहतो, स्वतःचे पाय पाहत नाही.

लक्ष्यांतराचे तंत्रही नजरेवरच उभे आहे. एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे जाताना डोळे आधी पोहोचावेत आणि बंदूक त्यांच्यामागून यावी. ठिपक्याचा पाठलाग करणारी नजर बंदुकीला दुसऱ्या लक्ष्याच्या पलीकडे ओढते. दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्यावर दृष्टी रोखणे आणि ठिपका त्या लक्ष्यावर तरंगताना दिसणे, ही सवय घरीही लावता येते. काडतुसे खोलीबाहेर ठेवून, चेंबर दोनदा तपासून, भिंतीवरच्या छोट्या लक्ष्यांवर केलेला हा कोरडा सराव महागड्या काडतुसांइतकाच उपयोगी पडतो.

महाराष्ट्राला नेमबाजी नवी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. मात्र त्या खेळात शरीर जितके निश्चल तितके चांगले, तर हालचालीतील नेमबाजीत शरीर हलत असतानाच स्थैर्य मिळवायचे असते, आणि 9 मिमी हे भारतात प्रतिबंधित बोअर असल्याने सर्वसाधारण परवानाधारकाला हा सराव येथे करता येत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तर अधिक काळजी घ्यावी, कारण तेथील संघीय कायदा स्थलांतरितेतर व्हिसावरील व्यक्तीला, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई करतो, आणि राज्याराज्यांचे नियम याहून वेगळे असतात. तेव्हा एच-1बी व्हिसावर असणाऱ्यांनी मित्राच्या आग्रहाने रेंजवर बंदूक हाती घेण्यापूर्वी आपल्या वकिलाला विचारावे, आणि ज्यांना कायद्याने मोकळीक आहे त्यांनीही पहिली धाव प्रशिक्षकाच्या नजरेखाली, रिकाम्या बंदुकीनेच घ्यावी.