नानांचा कार्बुरेटर

दुर्गापूजेला आठ-दहा दिवस उरले असता, हावडा पुलाच्या ऐन मध्यावर आमची मोटार थांबली. शेजारी ब्याऐंशी वर्षांची आई, मागे पुण्याहून नुकताच उतरलेला थोरला भाऊ आणि त्याचे सामान. गाडीत पेट्रोलचा असा उग्र वास भरला की प्रथम आईला बाहेर काढले. मागे बसगाड्यांचे भोंगे सुरू झाले. पांढऱ्या गणवेशातील एका पोलिसाने काही न बोलता दोन हमाल बोलावले, आणि आमची वरात ढकलीत ढकलीत पुलाच्या या टोकास आली.

“आता पुरे झाले,” भाऊ म्हणाला. “मोडीत काढ हिला.”

त्याचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. गाडी १९६४ सालची अँबॅसडर. नाना, म्हणजे आमचे वडील, दक्षिण-पूर्व रेल्वेच्या गार्डन रीच येथील कचेरीत नोकरीस होते. १९७१ मध्ये त्यांनी ती एका सहकाऱ्याकडून घेतली. हुगळीच्या काठी उत्तरपाड्याला जो कारखाना ही गाडी बनवीत असे, तेथील उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. शिवाय पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि आमची मुदत त्याच हिवाळ्यात संपत होती. धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली असती, तर मोडीचा प्रश्न आपोआपच सुटला असता.

घराजवळच्या गॅरेजमधील तरुणाने झाकण उघडून पाहिले आणि सांगितले की हा कार्बुरेटर काढून टाकावा. एखाद्या लहान गाडीचा नवा कार्बुरेटर मध्ये जोडपट्टी घालून बसवता येतो, अर्ध्या दिवसाचे काम. मी विचार करून सांगतो म्हणालो. खरे म्हणजे विचार झालेला होता. रविवारी सकाळी नाना त्या कार्बुरेटरच्या पितळी टोपीचा आटा सोडवीत आणि माझ्या हाती तेलाची बुधली देत. चार थेंब मोजून घालायचे, पाचवा नाही. सात वर्षांच्या मुलाला एवढा अधिकार पुष्कळ होता.

हा कार्बुरेटर ‘एस. यू.’ जातीचा. विलायतेतील स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो तयार केला. हे घराणे मूळचे पादत्राणांच्या व्यापारातले, आणि गंमत अशी की पहिल्या कार्बुरेटरमध्ये त्यांनी चामड्याचा भाता वापरला होता! पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. त्यावर एक घुमट असतो. एंजिनाने अधिक हवा ओढली की घुमटातील हवा विरळ होते आणि दट्ट्या वर उचलला जातो. त्याच्या बुडाशी असलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते, आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल सुटते. दट्ट्याने एकदम उसळी मारू नये म्हणून ते चार थेंब तेल. दट्ट्या व घुमट यांच्यामध्ये वॉशर नाही की रबर नाही. केसाएवढी फट, तीही मापून ठेवलेली. हे सारे मला पुस्तकी ठाऊक होते, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

रविवारी मीच तो उघडला. पुलावरील बिघाड लगेच सापडला. पेट्रोल येऊन साठते त्या वाटीत पांढरट भुकटी जमली होती. तिचा कण अडकून वाटीची झडप मिटत नव्हती आणि पेट्रोल ओसंडत होते. आजकाल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा धरते, जुन्या रबराला मानवत नाही, आणि जुना मळ सोडवून पुढे ढकलते. त्यातले बरेचसे उसापासून निघते. कोलकात्यात राहून आमच्या सातारच्या उसाशी असा संबंध यावा, याचे मला हसू आले.

झडप साफ केली. तेथेच थांबावयास हवे होते. परंतु घुमट आतून काळपट दिसत होता, हात रिकामे होते, आणि भाऊ दारात उभा राहून पाहत होता. मी पॉलिशकागद घेतला आणि घुमट व दट्ट्या दोन्ही चांदीसारखे होईपर्यंत घासले.

गाडी सुरू झाली, पण जोर धरीना. धूर काळा येऊ लागला. दट्ट्या बोटाने उचलून सोडला, तर तो वाटेतच अडकून राहिला. मी काय करून बसलो हे मला तत्क्षणी कळले. भावाला काही बोललो नाही. आईला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी मल्लिकबाजार गाठला. पार्क स्ट्रीट जेथे आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्याला मिळतो, तेथे जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची ही पेठ आहे. सत्तरीच्या एका उस्तादांनी घुमट उजेडात फिरवला, ओरखड्यांवरून नख ओढले आणि विचारले, “कुणी घासले?” मी म्हटले, “मीच.” ते रागावले नाहीत, एका पोऱ्याला माळ्यावर चढवून त्यांनी गोणी खाली घेतली. त्यांचे म्हणणे एवढेच, की घुमट आणि दट्ट्या एकमेकांच्या मापाने जन्मतात. घ्यायचे तर जोडपेच घ्यावे, फोडू नये. तिसरे जोडपे त्यांच्या पसंतीस उतरले. सुई मात्र त्यांनी आमचीच ठेवली. जेट मध्यावर आणून त्यांनी दट्ट्या उचलून सोडला, कान लावला, पुन्हा जेट किंचित सरकवला. पाचव्या-सहाव्या खेपेस ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला. तो आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडते, म्हणून शेवटी जेटची चाकी त्यांनी थोडीशी सैल केली.

लक्ष्मीपूजेनंतर गाडी धुराच्या तपासणीत उतरली. त्या रात्री मी आईला सारे सांगितले: नानांचा घुमट मी घासून वाया घालवला, आणि आता तेथे कुण्या परक्या गाडीचा आहे.

आई शेंगा सोलीत होती. “नानांचा कुठला?” ती म्हणाली. “अठ्ठ्याहत्तरच्या पुरात गाडी बुडाली होती, तेव्हा त्यांनी तो साफ करायला म्हणून घासला होता. मग आणला दुसरा, त्याच बाजारातून. मला आठ दिवस सांगितले नव्हते.”

भावाला हे मी अजून कळवलेले नाही. उस्ताद म्हणतात, खालच्या झडपेचा दांडा झिजला आहे, तेथून हवा ओढली जाते. कालीपूजा झाली की गाडी घेऊन या, बुश घालून देतो.