अकरा मिळवले की मेढा

मेढ्याचा पिनकोड 415012. अर्जावर, पाकिटावर, दाखल्यावर जावळी तालुक्यातली माणसं तो इतक्या सवयीनं लिहितात की चार लाख पंधरा हजार बारा ही एक स्वतंत्र संख्या आहे, याकडे लक्षच जात नाही. मला ती वेण्णाकाठच्या त्या गावाइतकीच प्रिय आहे.

तिचे अंक मिळवा: 4, 1, 5, 0, 1, 2. बेरीज तेरा. आता त्याच तेरानं तिला भागा. बाकी शून्य, भागाकार 31,924. आपल्याच अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या अशा संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ‘हर्षद’ नाव दिलं. डहाणूला 1905 साली जन्मलेले कापरेकर 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर होते. साताऱ्याचा 415001 मात्र हर्षद नाही. त्याच्या अंकांची बेरीज अकरा, आणि अकरानं त्याला भाग जात नाही.

पण तेच अकरा साताऱ्यात मिळवून पाहा. 415012! कापरेकरांच्या रीतीनं संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत निघालं, तर साताऱ्यानंतरचा पहिला मुक्काम मेढा. दुसरीकडून 414983 येते. तिच्या अंकांची बेरीज 29, ती मिळवली की पुन्हा मेढाच. असे एकाहून जास्त जनक असलेल्या संख्येला कापरेकर जंक्शन म्हणत. अशी सर्वांत लहान संख्या 101: 91 मधूनही ती मिळते, 100 मधूनही. जिला एकही जनक नाही ती स्वयंभू. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, तशा मेढ्याच्या आकड्यात दोन वाटा येऊन मिळतात.

हे कुणी जुळवून आणलेलं नाही. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, पुढचे तीन टपाल कार्यालय. पत्र बिनचूक पोचावं एवढाच त्यामागचा हेतू.

कापरेकरांच्या या शोधांना अनेकांनी क्षुल्लक ठरवलं. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं. क्षुल्लक ठरवणाऱ्यांचा आक्षेप असा की हर्षदपणा दशमान लेखनावर अवलंबून असतो; आठच्या किंवा बाराच्या पटीत मोजलं तर अंकच बदलतात. खरं आहे. मेढ्याचे मूळ अवयव 2, 2, 13, 23 आणि 347, ते कोणत्याही पद्धतीत तेच राहतात. तिचे स्वतःखेरीजचे सगळे विभाजक मिळवले तर 4,03,484 होतात, तिच्यापेक्षा कमी. म्हणून ती न्यून संख्या, हेही कुठंही खरंच.

तेरा मात्र अवयवांतही आहे आणि अंकांच्या बेरजेतही. ही गाठ दशमानातच पडते, आणि मला त्यात काही उणं वाटत नाही. आपण दहाच बोटांवर मोजायला शिकलो.