आईला समुद्र दाखवताना

गेल्या पावसाळ्यात आई शेवाळलेल्या अंगणात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर ती काठीच्या आधाराने चालू लागली. पण वर्षभर तिने अंगणाबाहेर पाऊल टाकले नाही. खरे तर मीच टाकू दिले नाही. "पडशील" हा माझा एक शब्द पुरेसा असे. आषाढ सरता सरता ती म्हणाली, "रत्नागिरीत राहून समुद्र पाहिला नाही, असे हे पहिलेच वर्ष." ते बोल मला लागले.

पावसाने उघडीप दिलेली पाहून, गर्दीचा वार टाळून आम्ही आरे-वारेकडे निघालो. गणपतीपुळ्याच्या सागरी रस्त्याने हे अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. साखरतरचा पूल आला तशी आईने काच खाली केली. मासेमारी बंदीच्या दिवसांत किनारे निवांत असतात. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. चढावर गाडी थांबवली. खाली दोन्ही अंगांना वाळूचे पट्टे, सुरूचे बन आणि मातकट, उसळत्या लाटा.

गाडीतून उतरताच आईचा तोल गेला. मी सावरले आणि विचारले, "सकाळपासून पाणी किती प्यालीस?"

ती ओशाळली. "वाटेत लघवीला कुठे जायचे? म्हणून प्यायलेच नाही."

रक्तदाबाची गोळी मात्र तिने नेमाने घेतली होती आणि त्या गोळीने लघवीचे प्रमाण वाढते. शरीरातील पाणी असे घटले, की उभे राहताच रक्तदाब उतरतो व भोवळ येते. रुग्णांना हे मी नेहमी सांगतो. आईला विचारायचे राहून गेले होते.

मागच्या आसनावर तिला निजवून पाय उंच ठेवले, घोट घोट पाणी दिले. थोड्या वेळाने तिला हुशारी आली. मी परत फिरणार होतो, ती म्हणाली, "आता आलोच आहोत, तर बसू दे." जवळच्या एका परिचितांकडे तिची लघवीची सोय झाली. मग सुरूच्या सावलीत, पाण्यापासून दूर, टणक जमिनीवर घरची उंच, हाताची खुर्ची मांडली. अर्धा तास ती काहीही न बोलता लाटा पाहत राहिली.

वृद्धांना सहलीस नेताना स्वच्छतागृह कोठे आहे, हे आधी पाहावे. लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. गाडीतून उतरण्यापूर्वी मिनिटभर पाय खाली सोडून बसावे. मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये; घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. आणि पावसाळी समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यातही कोणी उतरू नये.

"पडशील" असे मी आईला अजूनही म्हणतो. पण आता त्यापुढे "माझा हात धर" हेही म्हणतो.