स्कूटरचं फायबर फुटलं तर

मैत्रिणींनो, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर रविवारी किती गर्दी उसळते, ते वज्रेश्वरीला येऊन गेलेल्यांना ठाऊकच आहे. अशाच एका रविवारी रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या माझ्या स्कूटरला मागे येणाऱ्या टेंपोने ढकललं. डाव्या बाजूच्या पॅनेलला वीतभर चीर गेली, आतलं एक लॉक तुटलं नि पुढचं मडगार्डही फुटलं. टेंपोवाला केव्हाच पसार!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? अहो, ही स्कूटर आहे म्हणून माझी अंबाडीची अर्ध्या दिवसाची शिकवणी आहे. सासूबाई म्हणाल्या, "विकून टाका ती, म्हणजे घरी तरी राहील." हे म्हणाले, "शोरूममध्ये टाकू." तिथला आकडा माझ्या महिन्याच्या पगाराला पुरून उरणारा! विम्याचं विचारलं, तर साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीचा बोनस जातो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर आपल्या गाडीचं काहीच मिळत नाही. तुमची पॉलिसी कोणती, ते एकदा कपाटातून काढून बघाच.

माझ्या वडिलांकडे चेतक होती, १९७२ साली बाजारात आली तीच जात. अंग पत्र्याचं, पोचा पडला की ठोकून सरळ. आताच्या प्लॅस्टिकला, ज्याला आपण सगळेच फायबर म्हणतो, ठोकून चालत नाही. पण म्हणून ते फेकायचंही नसतं. पॅनेल काढून आतल्या बाजूला पाहा, बारीक अक्षरं कोरलेली असतात. 'एबीएस' असेल तर फेविक्विकने छान जुळतं, रंगीत पॅनेल बहुधा याचंच असतं. 'पीपी' असेल तर डिंक धरत नाही, तिथे तापवूनच जोडायला हवं.

माझं एबीएस निघालं. साबणाने धुऊन कोरडं केलं, आतली बाजू पॉलिश पेपरने खरखरीत केली. चीर पुढे वाढू नये म्हणून तिच्या टोकाला तापवलेल्या दाभणाने बारीक भोक पाडलं. बाहेरून चिकटपट्टी लावून कडा जुळवल्या, आतून फेविक्विक सोडलं नि त्यावर खायचा सोडा भुरभुरला. क्षणात दगड! असे तीन थर दिले. खिडकी उघडी ठेवा, धूर डोळ्यांत जातो. आणि सुती फडक्याने पुसू नका, सुतावर ते एकदम तापतं, बोट भाजेल. लॉकचा तुकडा रस्त्यावरून उचलून रुमालात बांधून आणला होता, तो तसाच बसला. चिरेवर जुन्या चाळणीच्या जाळीची पट्टी शेजारच्या मुलाच्या सोल्डरिंगने तापवून रुतवली. पीपीलाही हाच उपाय चालतो.

मडगार्ड मात्र नवंच घेतलं. तो तुकडा सुटून चालत्या चाकात अडकला तर जिवाशी गाठ. तिथे काटकसर नको.

व्रण दिसतो, पण सोमवारची शाळा चुकली नाही. सासूबाईंनी परवा फुटकी बादली पुढ्यात आणून ठेवली. तिला फेविक्विक धरत नाही, हे त्यांना समजावणं चालू आहे.